सुषमाच्या वाटचा रोट

“चपला राहू दे पायात,” योगेंद्र दारातच म्हणाला.

सुषमाने एक काढली होती. गुजराती मुलखात, गोडादऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत श्रावणातली कानबाई बसली होती. देवीच्या नैवेद्याचे रोट भाजल्याचा वास दारापर्यंत येत होता. सुषमाच्या हातात लाल भोपळा होता.

“सासूबाईंनी दिलाय. त्या देव मानत नाहीत. पण म्हणाल्या, तुझ्या आजीला भाजीला लागेल.”

“रोट कुळातल्यांनीच खायचा. तू कोर्टात लग्न करून त्या जयभीमवाल्यांत गेलीस. नियम एटले नियम, दीदी.”

योगेंद्र तिच्याहून लहान. धर्म त्याला गेल्या दिवाळीपासून कळू लागला होता. मोबाइलवर, रोज थोडा थोडा. भटू, दोघांचा बाप, आत समईची वात सरळ करत होता. वात सरळच होती.

सुषमाने भोपळा पायरीवर ठेवला, काढलेली चप्पल पायात घातली आणि गेली.

धुरपदाबाई रोटांची परात घेऊन आल्या. त्यांनी पायरीवरचा भोपळा पाहिला. मग नातवाकडे पाहिलं.

“बस जेवाले.”

त्याचा रोट संपला. त्यांनी आणखी एक वाढला.

“बस आजी, पोट फुटेल.”

“हाऊ सुषीना शे. रीत म्हने, पुरुषासना नावनी गहूनी एकेक मूठ दळानी. मी तिना जलमपाईन तिनी बी टाकस. कोनले इचारं नही.”

“मग ठेवून दे.”

“रोट उराले नको, फेकाले नको, कुळबाहेर जावाले नको. नियम एटले नियम. खाय.”

त्याने खाल्ला. शेवटच्या घासाला उचकी लागली. तांब्यावर धुरपदाबाईंचा हात होता.

“कोनी तरी याद करी ऱ्हायनं तुले. नाव ले, थांबी जाई.”

“दीपक.” उचकी. “शुभम.” उचकी. ग्रुपमधली सगळी नावं झाली. उचकी.

“आजून एक नाव शे.”

समईपाशी भटू पुटपुटला, “सुषमा.”

“तू गप! दारशी पोर गयी तवय तोंड नव्हतं तुले? ज्याले उचकी लागनी, त्यानीच लेवानं नाव.”

योगेंद्रने ओठ घट्ट मिटले. उचकी नाकातून बाहेर आली.

धुरपदाबाईंनी तांब्या आणखी जरा आपल्याकडे ओढला.