भुताची धाप

"पुन्हा," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

काचेपलीकडची डबिंगवाली मुलगी घोटभर पाणी प्यायली आणि सतराव्यांदा धापा टाकू लागली. पडद्यावर पांढऱ्या केसांचं भूत जिना चढत होतं. वरच्या माणसांना घाबरवायला निघालं होतं बिचारं. पण सातव्या पायरीवरच त्याला दम लागला. ते कठडा धरून बसलं आणि म्हणालं, "अहो, जरा खुर्ची देता का? घाबरवते, पण बसून!" असला सगळा सिनेमा. भुताचा, पण पोट धरून हसायचा.

मुलगी गुणी होती. पण धाप खोटी वाटत होती, त्याला काय करणार?

"काका, कशाला जिवाला त्रास?" दिग्दर्शक म्हणाला. "शूटिंगच्या वेळचा काकूंचा आवाज आहे ना आपल्याकडे. तोच ठेवू. तशी धाप कुणाच्या बापाला जमायची नाही."

"तो आवाज नको."

काकू म्हणजे भूत झालेली नटी, रेकॉर्डिस्टची बायको. शूटिंग संपलं आणि बाविसाव्या दिवशी ती गेली. तिची फुप्फुसं केव्हाच कामातून गेली होती, हे त्याला तेव्हा कळलं.

तीस वर्षं तिने रडक्या आया केल्या. मुलगा गेला की रडायचं, मुलगा आला की रडायचं. साठीला टेकल्यावर हे भूत हाती लागलं, तर बाई घरभर नाचली होती.

आणि ह्या गृहस्थाने काय केलं? युनिटमध्ये त्याला कानसेन म्हणत. दोन खोल्यांपलीकडचा डाससुद्धा ऐकू येतो म्हणे! त्या दिवशी हेडफोनमध्ये बायकोची धाप ऐकून स्वारी खूश. "वा! श्वास काय लागलाय! अजून एक घेऊ." असं करत करत त्याने तिला तो जिना अकरा वेळा चढायला लावला. अख्खं युनिट तोंडात रुमाल कोंबून हसत होतं. तोही हसला. आता ते आठवलं की त्याला स्वतःचे कान उपटून फेकावेसे वाटत. तिच्या मरणावर थिएटरभर लोक खिदळणार, हे त्याला सोसणार नव्हतं.

"उद्या सिनेमा पुढे पाठवायचाय, काका. एकदा ऐका तरी. मग तुम्ही म्हणाल तसं."

मुलगी आणि दिग्दर्शक जेवायला गेले. त्याने मन घट्ट करून बायकोचा पाचवा टेक लावला. धाप. खुर्ची. "कट!" हशा.

शूटिंगमध्ये इथे तो नेहमी हेडफोन उतरवून ठेवी. मशीन चालूच राही, पण कपड्यात माइक लावलेल्या माणसाचं खाजगी बोलणं ऐकायचं नाही, हा त्याचा शिरस्ता. बायकोलाही तोच नियम. आज मात्र त्याचा हात उचलेना. त्याने न ऐकलेला तिचा तेवढाच आवाज जगात उरला होता.

कट झाल्यावरही धाप चालूच होती. मग ड्रेसवाल्या बाईचा आवाज आला, भेदरलेला. "अगं बाई! काकू, ओठ निळे पडलेत तुमचे. काकांना हाक मारते."

"खबरदार! डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलंय. ह्यांना कळलं तर इथल्या इथे उचलून घरी नेतील." दम. पुन्हा दम. "पण कसे हसत होते गं सगळे! हेसुद्धा! मला बघून आजवर कुणी हसलं नव्हतं. लाली लाव ओठांना. जाते परत."

तो हुंदके देऊन रडला. कुणी ऐकेल याची पर्वा न करता.

जेवून आलेली मुलगी माइकपुढे उभी राहिली. "अठरावा घ्यायचा ना, काका?" दिग्दर्शकाने विचारलं.

"त्या पोरीला घरी जाऊ दे. आमच्या हिचाच आवाज ठेव."

"पण काका... लोक हसतील हो. चालेल तुम्हाला?"

"हसू देत रे. तेवढ्यासाठीच तर चढत होती ती."