चौकापर्यंत

शारदाबाईंच्या स्वयंपाकघरात सलीम गॅसच्या शेगडीचा बर्नर खोलून बसला होता. तेवढ्यात पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचाच फोटो आला. खाली शेजारच्या गल्लीतल्या गंगाधर भोयरांनी लिहिलं होतं : शेगडी दुरुस्तीच्या नावानं हे लोक घरात शिरतात, पोरीबाळी हेरतात. यांना पाऱ्यात पाय ठेवू देऊ नका. दिसला तर धरा.

त्याखाली अंगठे आले, मुठी आल्या.

पियुष मोबाईल घेऊन खोलीतून बाहेर आला. हळूच म्हणाला, "मम्मी, इसको जल्दी भेज दो. चुपचाप."

"काहून? काम व्हायचं आहे अजून."

शारदाबाईंनी चष्मा लावला आणि ग्रुपवर लिहिलं : हा सलीम आत्ता माझ्या घरी आहे. गंगाधरभाऊ, तुमची शेगडीही यानंच नीट केली. त्यानं कोणाचं काय वाईट केलं, ते नावानिशी लिहा. नाहीतर फोटो काढून टाका.

फोटो तसाच राहिला. मग गंगाधरभाऊंचा फोन आला.

"वहिनी, पोट्टे चौकात जमा होऊन राहिले. आता मी त्यायले काय सांगू?"

"लिहिलं ते खोटं होतं, असं सांगा."

फोन कटला.

सलीमनं सगळं ऐकलं होतं. त्यानं बर्नर बसवला, हत्यारं पिशवीत भरली. शारदाबाईंनी चपला घातल्या. "चल भैया, मी येते मोठ्या रोडपर्यंत."

पियुष दारातच उभा राहिला.

चौकात पानठेल्यापाशी पोरं होती. गंगाधरभाऊ त्यांच्या मागे, मान खाली घालून. एकानं सलीमच्या सायकलचं हँडल धरलं.

"आंटी, आप हटो."

"नाही हटत. सोड ते."

तो गंगाधरभाऊंकडे बघत राहिला. त्यांनी तोंड फिरवलं. दुसरा एकजण मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. शेवटी हँडलवरचा हात निघाला.

भनपुरीकडे जाणारे ट्रक धावत होते त्या रोडवर दोघं पोचले. सलीम सायकलवर बसला, पण निघाला नाही. मागे बघत म्हणाला, "दीदी, मैं तो निकल आया. आप वापस कैसे जाओगे?"

शारदाबाईंनी वळून पाहिलं. चौकातून एकही जण हलला नव्हता.

"घर तिथंच आहे माझं," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.