पुठ्ठ्यावरचा सायकलवाला

शहराचं भवितव्य पायी चालणाऱ्यांच्या हातात आहे, असं नगररचनाकार साऱ्यांना बजावत आणि कोपऱ्यावरच्या दुधासाठी गाडी काढत.

त्यांच्या नव्या सायकलमार्गाचा पुठ्ठ्याचा नमुना जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून होता. या वाटेवर कुणी फिरकेल का, हीच त्यांना धास्ती.

डिंकानं चिकटवलेला लाल टोपीवाला सायकलस्वार मात्र रोज सकाळी थोडा पुढे सरकलेला दिसे.

"अगं, हा तू हलवलास?"

"मी? तुमच्या पसाऱ्याला मी झाडूसुद्धा लावत नाही!"

आज तो नमुन्यातल्या त्यांच्याच घरापाशी पोचला होता. कुणीतरी वाट वापरली म्हणून ते सुखावले. चष्मा पुसून पाहिलं, तर तिथे नुसता डिंकाचा ठिपका.

बाहेर सायकलची घंटी वाजली. दारात लाल टोपी, बुटांना वाळलेला डिंक.

"काका, हवा भरायचा पंप आहे? तुमच्या वाटेवर कुठेच नाही हो."