कोरं झाकण

“आज माझी पाळी,” म्हणत तिघीचौघी चैतालीच्या दप्तरावर तुटून पडल्या. कुबडी सावरत ती बाजूला झाली.

जो दुसऱ्याला मदत करेल, त्याच्या कंपासपेटीवर रेवतीबाई चांदणी चिकटवत. महिन्याभरात वर्गातल्या सगळ्या पेट्या चमकायला लागल्या, त्याही बहुतेक चैतालीचं दप्तर उचलून. तिच्या स्वतःच्या पेटीचं झाकण मात्र कोरंच होतं. तिच्याकडे मदत मागायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आज ते झाकण बाईंना दिसलं.

मधल्या सुट्टीत वर्गात दोघीच उरल्या, तेव्हा बाईंनी कोपराने खडूंचा डबा हळूच खाली ढकलला.

“अगं, सांडले बघ सगळे. जरा गोळा करून देतेस?”

चैतालीने कुबडी बाकाला टेकवली आणि फरशीवर बसून, सरकत सरकत एकेक खडू वेचला. टेबलाखालचा तुकडासुद्धा सोडला नाही.

बाई चांदणी घेऊन आल्या, तसा तिने झाकणावर हात ठेवला.

“नको, बाई. डबा तुम्हीच ढकललात, मी बघितलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून वेचले.”