वाक्यात उपयोग

“पुढचा शब्द?” ऋषिकेशने विचारलं.

रविवारची दुपार होती. झाशीच्या छावणीतल्या क्वार्टरसमोर उन्हात बसून तो बूट पॉलिश करत होता आणि त्याची बायको पूर्णिमा मटार सोलता सोलता त्याचा अभ्यास घेत होती. मांडीवर सीपरी बाजारातून आणलेलं इंग्रजी शब्दांचं जाडजूड पुस्तक. हवालदाराचा अधिकारी व्हायचं तर पुढच्या महिन्यात इंग्रजीत पास होणं भाग होतं. तिने शब्द वाचायचा, त्याने अर्थ सांगायचा आणि लगेच इंग्रजीतून वाक्य करायचं.

“रिलक्टंट.”

“नाखूश.” त्याने वाक्य केलं. जवान चौकी सोडायला नाखूश होता.

“टेनेशस.”

“चिवट.” शत्रू फार चिवट निघाला.

“तुमच्या सगळ्या वाक्यांत फौजच कशी हो? घरात कुणी चिवट नसतं?”

“पेपर तपासणारे साहेबही फौजीच असणार.”

दोघंही हसली. श्रावणानंतर अशी फारशी हसलीच नव्हती. श्रावणात, सातव्या महिन्यात, तिचं पोटातलं बाळ गेलं तेव्हा तो सरावासाठी राजस्थानात होता. तो पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. मुलगी होती, एवढंच नर्सने त्याला सांगितलं. तेव्हापासून गॅस, भाजी आणि परीक्षा यांपलीकडे दोघांचं बोलणं जात नव्हतं.

तिने पान उलटलं. “बेरेफ्ट.”

“बिरेफ्ट म्हणतात. मुकलेला. ज्याचं काही हिरावून नेलंय असा.” ब्रश चालूच होता. “द प्लाटून वॉज बिरेफ्ट ऑफ ॲम्युनिशन.”

“म्हणजे?”

“प्लाटूनजवळ दारूगोळाच उरला नाही.”

“नुसत्या माणसाला नाही चालत हा शब्द?”

“चालतो की. माणसालाच जास्त चालतो.”

तिने हातातली शेंग तशीच धरून ठेवली. मग शाळेत उत्तर द्यायला उभं राहावं तशी जपून म्हणाली, “आय ॲम बिरेफ्ट.”

ब्रश थांबला. समोरच्या क्वार्टरमधून कांचनभाभींची हाक आली, “पूर्णिमा, सिलेंडरवाला आ गया!” कुणीच उठलं नाही.

“वाक्य अर्धं झालं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पुढे ‘ऑफ’ लागतं. कशाला मुकलो ते सांगावं लागतं.”

“कशाला नाही. कुणाला.”

“बरं. कुणाला?”

“रेवाला.”

त्याला उमजायला क्षणभर लागला. “नाव ठेवलं होतंस तू?”

“मुलगी झाली तर म्हणून. मनातल्या मनात. तुम्ही सुट्टीवर आलात की सांगणार होते.”

बूट खाली ठेवून तो तिच्याजवळ सरकला. बोटं पॉलिशने काळी झाली होती, म्हणून त्याने मनगटानेच तिचे डोळे पुसले. “रेवा,” तो स्वतःशी म्हणाला. मग पुन्हा एकदा, “रेवा.”

तिने मांडीवरचं पुस्तक मिटलं.

“तुझ्या वाक्यात एक चूक आहे,” तो म्हणाला.

“कुठली?”

“‘आय ॲम’ नाही गं.” त्याने तिचा हात हातात घेतला. “‘वी आर.’”