वाकडा दस्ता

“हा वाकडा दस्ता काढा आणि मूळचा होता तसा सरळ बसवा. दिवाणखान्यात टांगायचीय,” वडिलांची जुनी दुनळी बंदूक मिस्त्रींपुढे ठेवत धैर्यशीलराव म्हणाले. “कुणी हा उद्योग करून ठेवला, कोण जाणे!”

म्हातारे मिस्त्री हसले. “आमच्याच वडिलांनी. घ्या खांद्याला.”

धैर्यशीलरावांनी बंदूक उजव्या खांद्याला लावली. वडिलांच्या गालानं झिजून गुळगुळीत झालेलं लाकूड त्यांच्या गालाला टेकलं. नळ्या बरोबर डाव्या डोळ्यासमोर आल्या.

“तुमच्या वडिलांचा उजवा डोळा गेला, तरी त्याच खांद्यावरून नेम धरता यावा म्हणून हा असा वाकवला. करवंदीचा काटा घुसला म्हणायचे. शेवटपर्यंत तेच सांगत राहिले.”

धैर्यशीलरावांचे कान तापले. दस्ता कशापायी वाकवला, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तर तो नजरेसमोर नको होता.

बंदूक परत ठेवताना त्यांना मान वर करवेना.

“राहू द्या तसाच,” ते म्हणाले. “आणि मिस्त्री, तो काटा नव्हता. माझ्या बेचकीतला दगड होता.”