अनुक्रमांक सहाशे बारा

"काकाजी, सही करा. पाच वाजता मला कागद जमा करायचे आहेत. आज शेवटचा दिवस आहे," संजीवनी म्हणाली. ती अंगणवाडी चालवायची आणि मतदार यादीचं कामही तिच्याकडेच होतं.

पंजाबरावांनी नाव इथल्या यादीत आणायचा अर्ज हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत खाटेवर ठेवला.

शहराबाहेरच्या त्या लेआउटमध्ये घरं एकशे चाळीस होती आणि मतं तेवीस. बाकीच्यांची नावं अजून आपापल्या गावच्या यादीत होती. मतदानाच्या दिवशी सकाळीच दारांना कुलपं लागायची. कोणी डोणगावला जाई, कोणी दुसरबीडला. लेआउटमध्ये कुत्री तेवढी उरायची. नाल्यावर पूल मागायला गेलं की नगरसेवक विचारायचा, "तेवीस मतं तुमची. पूल कितीचा?"

मागच्या पावसाळ्यात नाल्याला पाणी असताना पंजाबरावांच्या सुनेला, राखीला, कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स पलीकडे उभी राहिली. चौघांनी राखीला खाटेवर घालून पाण्यातून नेलं. तेव्हा जन्मलेली पोर आता ओट्यावर रांगत होती, आणि पंजाबराव त्याच खाटेवर बसले होते.

शेजारचा गोपाल सकाळपासून संजीवनीबरोबर दारोदार फिरत होता. तो वैतागला.

"पंजाबकाका, तुमच्या गावचे, खडकपिंपरीचे, अकरा घरं तुमच्याकडं पाहून राह्यले. तुमी सही केली का ते करतात. पण तुमाले तिकडं पुतण्याले सरपंच कराचं हाय ना!"

"पुतण्या गेला उडत."

"मंग काऊन अडून बसले?"

राखी दाराशी आली. "मामाजी, पावसाळा महिन्यावर आला," एवढंच म्हणाली.

"बरं, तिकडच्या यादीतला नंबर तरी सांगा," संजीवनी म्हणाली. "मी लिहून ठेवते."

पंजाबरावांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत मतदानाआधी घरोघर वाटतात त्या चिठ्ठ्या होत्या. त्यांनी दोन चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या. अनुक्रमांक सहाशे अकरा, पंजाबराव. सहाशे बारा, आशाबाई.

संजीवनीने दुसरी चिठ्ठी उचलली. "काकू तर..."

"चार वर्सं झाले."

"मग नाव कमी केलं नाही?"

"कोण करन? दरवेळी दोघांची चिठ्ठी येते. मी घेतो. मांगच्या टायमाले मत द्याले गेलो, त केंद्रावरच्या मॅडमच्या पुढच्या यादीत तिच्या नंबराले लाल गोल होता. बाईनं मत टाकलं का तसा गोल करतात."

"बोगस!" गोपाल उसळला. "काका, तवाच बोंब माराची ना बे... ना काका!"

"मी काही बोललो नाही," पंजाबराव म्हणाले. "मले वाटलं, येऊन गेली."

गोपालने मान खाली घातली. पोर खाटेच्या पायाला धरून उभी राहू पाहत होती. दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी राहिली.

पंजाबराव तिच्याकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "माह्यं नाव इकडं आलं, त तिचं तिथंच राह्यते?"

"राहील. कोणी अर्ज करेपर्यंत."

"अन् कोणीबी वापरन."

"हो."

"म्हणजे तिले तिथं एकटी ठेवून मी इकडं याचं."

संजीवनीने चिठ्ठी खाली ठेवली. "काकूंचं नाव इकडे आणता येत नाही, काकाजी. कमी करायचा अर्ज असतो, तो माझ्याजवळ आहे. पण तो आधी भरावा लागेल. तुमचं नाव त्या यादीत आहे, तोवरच तुम्हाला काकूंबद्दल काही सांगता येईल."

"द्या."

राखीने चष्मा आणून दिला. पंजाबरावांनी अर्ज मांडीवर घेतला. नाव कमी करण्याचं कारण विचारलं होतं आणि पुढे चौकोन होते. संजीवनीने पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यापुढे 'मृत्यू' छापलेलं होतं.

पंजाबरावांनी ते वाचलं. मग अक्षराला अक्षर लावत खालचेही चौकोन वाचले. पेन खाली सरकला. 'कायमचे स्थलांतर' याच्यापुढे त्यांनी खूण केली.

"काका, ते चुकलं," गोपाल म्हणाला.

"नाही चुकलं. दोघं संगंच निघालो, असं लिवा."

संजीवनीने गोपालकडे पाहिलं. पंजाबरावांनी आपल्या नावाचा अर्जही ओढला आणि दोन्हींवर सावकाश, वळणं जोडत, आपली सही केली.

गोपाल चपला घालून त्या अकरा घरांकडे निघाला. संजीवनीने चूक दुरुस्त केली नाही. तिने दोन्ही कागद एकमेकांवर नीट ठेवले आणि एकाच टाचणीत लावले.